खिडकीबाहेरचा हात

थुंकी पडली ती बाबांच्या हातावर. म्हणजे होती ती त्यांच्या मुलासाठी, गाडी चालवणाऱ्या डॉक्टरसाठी, पण खिडकी बाबांच्या बाजूची, आणि बाबांचा हात कोपरापर्यंत खिडकीबाहेर, त्यामुळे ती पडली मनगटाच्या जरा वर, घड्याळाच्या पट्ट्याला लागून, जिथे त्यांची कातडी पातळ होऊन ठिपक्याठिपक्यांची झालीय तिथे. पिवळट, फेसाळ, मध्ये बिस्किटाचा चुरा असावा तसं काहीतरी. आणि आता ऐका, खरी गोष्ट पुढेच आहे. डॉक्टरने ती पाहिली. अगदी स्वच्छ पाहिली, कारण थुंकी ओळखणं हा त्याचा धंदाच आहे. टिश्यूचा डबा त्याच्या आणि बाबांच्या मधोमध होता, नुसता हात लांब केला असता की झालं. पण नेमकी तेव्हाच पुढची गाडी हलली, पुढे एक गाडी मावेल एवढी फट पडली, आणि त्याने आधी गाडी पुढे घेतली. आधी फट बुजवली. टिश्यू नंतर. तोवर बाबा तो हात तसाच बाहेर धरून बसले होते, अंगापासून लांब, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा हात आहे आणि ते फक्त तो सांभाळतायत.

तर हा डॉक्टर म्हणजे दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या थुंकीत बोटं घालून बसणारा माणूस. 'थुंका' हा त्याचा दिवसातला सगळ्यात जास्त वापरलेला शब्द, बायकोला 'हो' म्हणतो त्याच्याही पेक्षा जास्त. थुंका, चूळ भरा, पुन्हा थुंका. लोक खुर्चीवर आडवे होतात, जबडा वासतात, आणि आतलं सगळं दाखवतात, दाढेत अडकून सडलेलं परवाचं जेवण, हिरड्यांतला पू, जिभेवरचा साय धरल्यासारखा थर, आणि तो आरशाची काडी फिरवत म्हणतो, छान, थोडं अजून उघडा. त्याला कधी काही वाटलं नाही. कॉलेजात पहिल्या वर्षाची पोरं बाहेर जाऊन ओकायची तेव्हा हा आत डबा खायचा. किळस हा प्रकार आपल्यात बसवलेलाच नाही, असं तो मित्रांना हसत सांगायचा. आणि त्या सकाळी, बाबांच्या हातावरचा तो चिकट ओघळ टिश्यूने पुसताना, त्याच्या पोटातून घशापर्यंत काहीतरी वर आलं आणि तिथेच थांबलं, गिळलंही जाईना आणि बाहेरही येईना. टिश्यू त्याने चार वेळा बदलला. पाचव्या वेळेला हात स्वच्छ होता तरी तो घासतच होता, शेवटी बाबाच म्हणाले, "असू दे."

आता हे 'असू दे' सांगायला हवं. बाबांना झटका येऊन गेला होता, उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला, तोंडाचा उजवा कोपरा खाली उतरला तो उतरलाच, आणि बोलणं सगळं गेलं. सगळं म्हणजे एक 'असू दे' सोडून. ते कसं काय राहिलं देव जाणे. चहा सांडला, असू दे. कंगवा दाखवून हे काय असं विचारलं, असू दे. भूक लागलीय का, असू दे. शेजारचे काका गेले, असू दे. आई पहिले काही दिवस हसायची, मग रडायची, मग तिने त्यातल्या त्यात हळू 'असू दे' म्हणजे हो आणि झटक्यात 'असू दे' म्हणजे नाही असं काहीतरी लावून घेतलं होतं, पण ते तिचं तिलाच कळायचं. आठवड्यातून दोनदा बाबांना बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे न्यायचं, आणि त्या बाईंचं म्हणणं साधं होतं: आधी एक शब्द हवा. हो किंवा नाही, कुठलाही एक, त्यांच्या मनाने आलेला. तो आला की मागून बाकीचे येतील, नाही आला तर मात्र, असं म्हणून त्या पुढचं बोलायच्या नाहीत. घरातले सगळे त्या एका शब्दावर डोळे लावून बसले होते. आई तर बाबा कुशीवर वळले तरी विचारायची, काही म्हणालात का.

तर बाईंकडे जातानाचीच ही गोष्ट. पुलानंतर रस्ता खणून ठेवलेला, डावी लेन पुढे बंद, नारिंगी शंकू लावलेले, आणि एक बोर्ड, एकेक करून आत या म्हणून. एकेक करून. डॉक्टर पुलाच्या अलीकडपासून उजव्या लेनमध्ये मुंगीच्या पावलाने सरकत होता, आणि डावीकडून, मोकळ्या लेनमधून, गाड्या सूं करत पुढे जात होत्या आणि तोंडाशी जाऊन नाक घालत होत्या. प्रत्येक गाडी गेली की त्याच्या दातावर दात बसायचा. तो स्वतः पेशंटना सांगतो, रात्री दात खाऊ नका, झिजतात, आणि इथे दिवसाउजेडी त्याचा जबडा नुसता कडकडत होता. ह्यांना वाटतं आम्ही काय येडे म्हणून रांगेत उभे आहोत. नवीकोरी गाडी, गेली. टेंपो, गेला. एक बाई आरशात ओठ रंगवत गेली. त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं, आपल्यापुढे एकालाही घुसू द्यायचं नाही, आणि हे ठरवल्यावर त्याला जे बरं वाटलं ना, गरम पाणी अंगावर घेतल्यासारखं, ते त्याला नंतर आठवलं तेव्हा सगळ्यात घाण वाटलं. पुढच्या गाडीच्या बंपरला बंपर लावून तो चालला होता. आणि शेजारी बाबा बसले होते, खिडकीची काच पूर्ण खाली, कारण एसीने त्यांना मळमळतं.

बाबा बस चालवायचे. आयुष्यभर. आणि बसवाल्यांमध्ये त्यांचं नाव पडलं होतं 'येऊदे'. का तर ते वाट द्यायचे. कुणी बाजूच्या गल्लीतून नाक काढलं, कुणी दुसऱ्या लेनमधून आत यायला बघतंय, की ह्यांचा हात बाहेर, बोटं जुळवून तळवा आतल्या बाजूला, ये ये ये, असा दोनतीनदा हलायचा. डॉक्टर लहानपणी कधीकधी त्या बसमध्ये मागच्या बाकावर बसून जायचा, आणि बसमधले लोक वैतागायचे. "ए येऊदे, घरी बोलाव एकेकाला जेवायला." "ह्यांच्या बसमध्ये बसायचं म्हणजे घरून डबा घेऊन यायचा." सगळे हसायचे, आणि डॉक्टर, तेव्हा साताठ वर्षांचा, खिडकीला नाक लावून बाहेर बघायचा, म्हणजे कुणाला कळू नये की समोरचा तो हात आपल्या बापाचा आहे. एकदा शेजारच्या माणसाने विचारलं होतं, "तुझे कोण रे ते?" आणि तो म्हणाला होता, "माहीत नाही." माणूस नुसता गप्पा मारत होता, ओळखीचाही नव्हता. तरी.

आणि त्या सकाळी शंकूंच्या तोंडाशी एक पांढरी व्हॅन आली, कपडे धुऊन घरपोच देणाऱ्यांची, मागे हँगरला कपडे लटकलेले. आत एक पोरगेलासा माणूस, एका हातात बिस्किटाचा पुडा. तो थांबला होता, नाक घातलं नव्हतं त्याने, तो बघत होता कुणी घेतं का. आणि बाबांचा डावा हात, तो एकच चालू असलेला हात, मांडीवरून उठला, खिडकीबाहेर गेला, आणि बोटं जुळवून, तळवा आत वळवून, ये ये ये. इतका सहज, की डॉक्टरला तो दिसायला एक क्षण लागला. व्हॅनवाल्याचा चेहरा खुलला. त्याने मान हलवून आभार मानले आणि व्हॅन आत वळवली. आणि डॉक्टरचा पाय ब्रेकवर नव्हता. म्हणजे तो नंतर स्वतःला सांगत राहिला की हात दिसला तोवर उशीर झाला होता, पण बसलेला धक्का त्याला आठवत होता, आणि धक्क्याच्या आधी ॲक्सिलरेटरवर पाय थोडा दाबला होता तेही. हात म्हणत होता ये, आणि गाडी म्हणत होती बघतोच कसा येतोस. व्हॅनचा आरसा खटकन मुडपला, मागे कपडे सगळे एका बाजूला झुलले, एक बाहीवाला सदरा तर काचेला येऊन चिकटला, आत कुणी बसल्यासारखा.

व्हॅनवाला उतरला. त्याला ओरडताही येईना आधी, तोंडात बिस्किट. मग म्हणाला, "बोलावून मारता काय?"

"तू घुसलास," डॉक्टर बाबांच्या अंगावरून वाकून म्हणाला.

"घुसलो? आजोबांनी हात दाखवला म्हणून आलो. काय हो आजोबा, दाखवला ना हात?"

"असू दे," बाबा म्हणाले.

"असू दे काय? आरसा गेला माझा. म्हातारा हात दाखवणार, पोरगा ठोकणार, काय धंदा मांडलाय का दोघांनी?"

"त्यांना बोलता येत नाही," डॉक्टर म्हणाला, आणि मग, आणि हे त्याने का म्हटलं ते देवाला ठाऊक, कदाचित मागचे हॉर्न वाजवत होते म्हणून, कदाचित उशीर होत होता म्हणून, तो म्हणाला, "त्यांना कळत नाही काही. त्यांच्या हाताकडे काय बघतोस, ते काहीही करतात."

व्हॅनवाला बाबांकडे बघत राहिला. बाबा हात आत घ्यायचा विसरले होते की घ्यायचा नव्हता, कुणास ठाऊक. मग तो डॉक्टरकडे बघून, नेम धरून, थुंकला. नेम चुकला.

पुढचं तुम्हाला सांगितलंच. फट. मग टिश्यू.

बाईंच्या खोलीत भिंतीला चित्रं लावलेली, सफरचंद, कुत्रा, किल्ली, आणि एक आरसा, ज्याच्यात बघून जीभ हलवायची. बाबांना खुर्चीत बसवलं, बाईंनी त्यांच्या हातात किल्ली दिली. "काका, हा चमचा आहे?"

"असू दे."

"नाही ना? चमचा आहे का हा? म्हणा नाही. न. जीभ वर लावा. न."

बाबांची जीभ वर गेली, पण आवाज आला नाही. ओठाच्या खाली उतरलेल्या कोपऱ्यातून लाळेचा धागा सुटला आणि लांबत लांबत सदऱ्याच्या गुंडीपर्यंत आला. बाईंनी तो पुसला, अगदी सहज, डॉक्टर पेशंटचा पुसतो तसा. आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या डॉक्टरने मान फिरवली. घरीही तो फिरवायचा. बाबा घरी आल्यापासून त्याने जेवायच्या टेबलावरची आपली खुर्ची हळूहळू, रोज थोडी थोडी, अशी सरकवली होती की समोरून बाबांचं तोंड दिसू नये, दिसावा फक्त कान. कुणाच्या लक्षात आलं नाही असं त्याला वाटत होतं, पण एकदा आई भांडी आवरताना म्हणाली होती, "दिवसभर जगाची तोंडं चालतात रे तुला. एक घरातलं चालत नाही." पेशंटच्या तोंडात तो हातमोजे घालून जातो, तोंड म्हणजे काम, आत जायचं, खरवडायचं, बाहेर यायचं. हे तोंड वेगळं. ह्या तोंडाने त्याला घास चावून भरवले होते, ताप आला की कपाळावर फुंकर घातली होती, आणि आता ते उघडं पडलं होतं, दार नीट न लागणाऱ्या कपाटासारखं, आणि आतून सारखं काहीतरी गळत होतं.

"आज काका गप्प आहेत," बाई म्हणाल्या. "रोज निदान असू दे तरी किती वेळा होतं. येताना काही झालं का?"

"नाही," डॉक्टर म्हणाला. "ट्रॅफिक, दुसरं काय."

बाबांनी आरशातून त्याच्याकडे बघितलं. आरशात त्यांचं तोंड उलटं झालं होतं, खाली उतरलेला कोपरा दुसऱ्या बाजूला, त्यामुळे ते क्षणभर कुणी वेगळेच गृहस्थ वाटले, बसमधले, ज्यांना डॉक्टर ओळखत नव्हता.

मग तो संडासात गेला आणि हात धुतले. साबणाचा फेस झाला तोही त्याला बघवेना. कोपरापर्यंत धुतले, ऑपरेशनच्या आधी धुतात तसे, नखांच्या कडा, बोटांच्या फटी. सारखं तेच समोर येत होतं, थुंकी नाही, ती काय, थुंकी दिवसभर बघतो तो, समोर येत होती ती फट. डांबराचा एक रिकामा तुकडा, तेलाचे डाग पडलेला, गाडी मावेल न मावेल एवढा. कुणाला हवा होता तो? व्हॅन तर बाजूला उभी होती, आरसा मोडून. मागच्याने हॉर्न दिला असता, दिला असता तर दिला असता. आणि बाबांचा हात बाहेर तसाच, आणि उजवा हात मेलेला, म्हणजे स्वतःची थुंकी स्वतः पुसायचीही सोय नाही त्या माणसाला. थुंकी तरी कुठे त्यांची होती. डॉक्टर वाकला, बेसिनमध्ये थुंकला, आणि काही गेलं नाही. घशात होतं ते तिथेच होतं.

परतताना रस्त्याची ही बाजूही खणलेली, तेच शंकू, तोच बोर्ड. ऊन चढलं होतं. बाबांच्या बाजूची काच खाली होती, त्याने मुद्दाम केली होती, एसी बंद ठेवला होता, आणि घामाने सदरा पाठीला चिकटला तरी त्याला ते योग्यच वाटत होतं. रांग सरकत होती. त्याने पुढच्या गाडीपासून भरपूर जागा सोडली. डावीकडून एक घुसली, घुसू दिली. दुसरी आली, तीही घुसू दिली. मागून कुणीतरी हॉर्नवर हातच ठेवला. तो थांबून राहिला. तिसरी आली, टेंपो आला, एक मोटरसायकल, तिच्यामागे दुसरी, आणि तो प्रत्येक वेळी डोळ्याच्या कोपऱ्यातून बाबांच्या हाताकडे बघायचा. हात मांडीवर होता. घड्याळाच्या पट्ट्याच्या वरची जागा लाल झाली होती, त्याने घासून घासून केलेली. मागचा माणूस काच खाली करून ओरडला, "अरे घरी घेऊन जा सगळ्यांना." आणि डॉक्टरला हसूच आलं, ओळखीचं काहीतरी ऐकल्यासारखं, आणि त्याने बाबांकडे वळून बघितलं, त्यांनाही आठवलं असेल म्हणून. बाबा समोर बघत होते. तेव्हा त्याला आपली ही सगळी दानशूरता अशी काही शिसारी आणून गेली की बस. रस्त्यावर वाटी घेऊन बसलोय, आणि एकेक गाडी सोडतोय, ह्या म्हाताऱ्याने एकदा हात वर करावा म्हणून.

तोंडाशी एक छोटी लाल गाडी थांबली. आत एक बाई, मागे एक म्हातारी आडवी. बाई आत यायला बघत होती पण धजत नव्हती, डॉक्टरने पुढे एवढी जागा सोडली तरी तिचा भरवसा बसेना, आणि का बसावा? त्याने आतून हात हलवला, पण समोरच्या काचेवर ऊन, तिला दिसलाच नाही. ती नुसती बघत राहिली, बाबांच्या उघड्या खिडकीकडे, कारण त्या बाजूने कुणी काही खूण केली तर तेवढीच तिला दिसणार होती. मागे सगळे हॉर्न.

"बाबा," डॉक्टर म्हणाला. "हात दाखवा ना तिला. मी थांबलोय. ब्रेकवर पाय आहे माझा, बघा. येऊ दे तिला."

बाबांनी खाली बघितलं, त्याच्या पायाकडे, खरंच ब्रेकवर आहे का ते. बराच वेळ बघितलं. मग त्यांचा डावा हात मांडीवरून उठला, दाराकडे गेला, बटणावर टेकला, आणि काच वर जायला लागली. हॉर्न बारीक बारीक होत गेले. काच पूर्ण लागली, गाडीत नुसती गरम शांतता, आणि बाबांची जीभ वर टाळूला लागलेली त्याला दिसली, सकाळी बाईंनी सांगितली होती अगदी तिथे.

"नाही," बाबा म्हणाले.

स्वच्छ. न, आणि पुढचा आ, आणि ही, सगळं जागच्या जागी, बस चालवायचे तेव्हाच्या आवाजात. लाल गाडी कधी आत आली, बाईने आभाराचा हात केला, कुणाला केला, त्याला काही समजलं नाही. तो गाडी चालवत राहिला. रांग सुटली, रस्ता मोकळा झाला, तरी तो त्याच चालीने चालला होता. तेवढ्यात फोन वाजला, आईचा, आणि गाडीतल्या स्पीकरवर तिचा आवाज सगळीकडून आला.

"निघालात का रे? काय म्हणाल्या बाई? काही बोलले का आज?"

डॉक्टरने स्पीकरचा आवाज कमी केला.

"नाही गं," तो म्हणाला. "तेच आपलं. असू दे, असू दे."

"बरं," आई म्हणाली. "या सावकाश."

फोन बंद झाला. त्याने बाबांकडे बघितलं. बाबा त्याच्याचकडे बघत होते, ओठ मिटून, तो खाली उतरलेला कोपरासुद्धा ओढून धरून, चूळ तोंडात धरलेले पेशंट बघतात ना तसे, तोंड गच्च भरलेलं, बोलता येत नाही, आणि डोळ्यांनी विचारतायत की आता थुंकू कुठे.